घरगुती संगणकाचा छंद



इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, लढाया, सनदा आणि बखरी यांची आपणांस संवय झालेली आहे. तेव्हां एका निवृत्त शाळामास्तरानें संगणकाचे सुटे भाग आणि संगणकावरील खेळ यांचा इतिहास सांगावयास बसावें, याचें आपणांपैकीं पुष्कळांना नवल वाटेल. परंतु मी ज्या भागांत वाढलों त्याचा नकाशा क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. मुंबईच्या उत्तरेस आरे कॉलनी. शहरांतले म्हशींचे गोठे बाहेर काढून ते येथें वसविण्याच्या कामास १९४९ सालीं प्रारंभ झाला, दारा खुरोडी यांच्या कल्पकतेनें ही दूधवसाहत उभी राहिली आणि १९५१ च्या मार्चमध्यें पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. या वसाहतीच्या दक्षिणेस, अंधेरीच्या अंगाला, १९७३ पासून सीप्झ आहे. पूर्वेस टेकड्या ओलांडल्या कीं पवईची आय.आय.टी., ती १९५८ ची. म्हणजे एका बाजूस संगणकशास्त्र शिकविणारी संस्था, दुसऱ्या बाजूस संगणकाचें काम परदेशीं पाठविणारी पेठ, आणि मध्यें गवत, गोठे, वारल्यांचे पाडे व बिबटे.

संगणकाचा इतिहास लिहिणारे लोक या दोन टोकांविषयीं भरभरून लिहितात. मधल्या गवतांतल्या स्टाफ क्वार्टर्सच्या दोन खोल्यांत तो कसा शिरला, याविषयीं कोणी लिहीत नाहीं. माझें म्हणणें असें आहे कीं, आमच्या घरांत तो अभ्यासाच्या निमित्तानें आला, परंतु टिकला तो खेळामुळें. आणि त्याचें पोट उघडून आंत पाहण्याची विद्या आमच्या मुलांना शाळेनें दिली नाहीं, खेळानें दिली. मी शाळेंत छत्तीस वर्षें शिकविलें आहे, त्यामुळें हें बोलतांना मला आनंद होत आहे असें नव्हे.

या छंदाचें मूळ रेडिओच्या छंदांत आहे, आणि ज्या माध्यमांतून मी बोलत आहें तें माध्यमच मुळीं हौशी लोकांनीं सुरू केलेलें आहे. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, हें सर्वत्र छापलेलें असतें. परंतु त्याच्या चार वर्षें आधीं, १९२३ च्या जूनमध्यें, ‘रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे’ या हौशी मंडळानें येथून कार्यक्रम प्रक्षेपित केले होते. हौस आधीं, कंपनी मागाहून. तांब्याच्या तारेचें वेटोळें, गॅलिना नांवाच्या खनिजाचा खडा, त्यावर टेंकणारी एक बारीक तार आणि कानाला लावावयाचा भोंगा, एवढ्या सामग्रीवर त्या काळचा क्रिस्टल सेट चालत असे. त्याला विजेचीहि गरज नसे.

माझ्या लहानपणीं, १९७० च्या सुमारास, आमच्या क्वार्टर्समध्यें एक तरुण गृहस्थ राहात. दिवसा ते दूध बाटल्यांत भरण्याच्या खात्यांत काम करीत आणि रात्रीं ट्रान्झिस्टर जोडीत बसत. रविवारीं सकाळीं गोरेगांवाहून सावकाश लोकलनें ते ग्रँट रोडला उतरत आणि लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून पुड्यांत बांधलेले लहान लहान भाग घेऊन येत. (हा लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचें नांव देऊन कित्येक वर्षें लोटलीं, परंतु माल आणावयास जाणारा मनुष्य अजूनहि लॅमिंग्टन रोडलाच जातो.) कथलाच्या डाखाचा वास सुटला कीं आम्ही मुलें त्यांच्या दारांत गोळा होत असूं. जोडलेला संच बोलूं लागला म्हणजे दोन दिवसांनीं ते तो सोडवून त्याचाच दुसरा करीत. माझी आई एकदां म्हणाली, “अहो, गाणीं तरी केव्हां ऐकणार?” त्यावर ते म्हणाले, “वहिनी, सुईण बाळंतिणीच्या घरीं बारशाचें जेवायला जाते काय?” या स्वभावाचीं माणसें पुढें संगणकाकडे वळलीं, आणि लॅमिंग्टन रोडहि त्यांच्याबरोबर वळला.

आतां मोठ्या संस्थांकडे थोडे पाहूं. मुंबईंतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं देशांतला पहिला पूर्ण आकाराचा संगणक बांधण्यांत आला. त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह होते. म्हणजे शेंकडों रेडिओ एका दालनांत उभे करावेत तसें तें यंत्र होतें. त्याची स्मृति चाळीस अंकी २,०४८ शब्दांची. आजच्या हिशेबानें दहा किलोबाइट. १९६० पासून तें कामास लागलें आणि १९६२ च्या जानेवारींत नेहरूंनीं त्याला ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. त्याला आलेख व अक्षरें दाखविणारा एक चित्रपडदाहि जोडलेला होता, ही गोष्ट मला विशेष वाटते. कारण नेमक्या त्याच १९६२ सालीं अमेरिकेंत, मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्राच्या संस्थेंत, स्टीव्ह रसेल आणि त्याचे सोबती यांनीं अशाच एका पडद्यावर दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला. त्याच्याहि आधीं, १९५८ सालीं, ब्रुकहेव्हन येथील अणुसंशोधन शाळेंत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानें येणाऱ्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं तरंगदर्शकाच्या पडद्यावर टेनिस खेळून दाखविलें होतें. तेव्हां खेळ हा संगणकाला मागाहून जडलेला रोग आहे, हें जें शिक्षकांच्या खोलींत आम्ही एकमेकांस सांगत असूं, तें खरें नाहीं. पडदा आला त्याच्या मागोमाग खेळ आला.

घरांत मात्र संगणक यावयास आणखी वीस वर्षें लागलीं. १९८२ सालीं इंग्लंडांत क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ बाजारांत आणला. पाटीएवढें यंत्र, रबरी कळा, पडदा म्हणून घरचा टेलिव्हिजन आणि कार्यक्रम साठविण्यास सामान्य टेपरेकॉर्डर. आमच्याकडे त्या वेळीं आयातीवर जबर जकात असे. १९८४ च्या नोव्हेंबरांत सरकारनें संगणकविषयक नवें धोरण जाहीर केलें, तेव्हां ही गांठ थोडी सैल झाली. त्याच सुमारास सुमारें २५० शाळांना ‘बी.बी.सी. मायक्रो’ हीं यंत्रें देण्याची योजना निघाली. आणि १९८६ सालीं डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें परवाना घेऊन स्पेक्ट्रमची देशी आवृत्ति काढली. खेळ कॅसेटमधून यंत्रांत उतरवावयास कांहीं मिनिटें लागत आणि तेवढा वेळ टेपरेकॉर्डरमधून एक कर्कश चिरचिराट ऐकूं येई. तो चिरचिराट म्हणजेच खेळ. नेदर्लंड्सच्या नभोवाणीनें तर त्या दशकांत हौशी लोकांसाठीं असे कार्यक्रम ध्वनिरूपानें प्रक्षेपित केले. श्रोत्यांनीं ते घरीं टेपवर उतरून घ्यावेत आणि यंत्रांत भरावेत! नभोवाणी आणि संगणक यांचें इतकें जवळचें सोयरेपण दुसरें सांपडणार नाहीं. आरेंत मात्र स्पेक्ट्रम मीं एकाच घरीं पाहिला. तोहि एका नातलगानें आखातांतून आणलेला.

खरा पालट झाला तो दुसऱ्या एका यंत्रानें, आणि तो कसा झाला हें थोडें विस्तारानें सांगावयास हवें. १९८१ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीनें आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ काढला. (ही कंपनी १९७८ सालीं आपल्या देशांतून निघून गेलेली होती.) वेळ थोडा असल्यामुळें कंपनीनें त्यांतील बहुतेक भाग बाहेरून घेतले, मुख्य पाटीवर जादा पाट्या खोंचण्यासाठीं खांचा ठेवल्या आणि विद्युत्मंडलाचे नकाशे छापून विकले. मालकीचा असा मुख्यतः एकच भाग उरला : यंत्र जागें करणारा मूळ कार्यक्रम. दुसऱ्या कंपन्यांनीं १९८२-८३ पासून तोहि नव्यानें, नक्कल न करितां, लिहून काढला. त्या क्षणापासून या जातीचा संगणक कोणा एका कंपनीचा राहिला नाहीं. पाटी एकाची, प्रोसेसर दुसऱ्याचा, पेटी तिसऱ्याची, आणि तीं एकत्र आणणारा चौथा कोणीहि : तुमचा मुलगाहि. खांच मोकळी असल्यामुळें केवढी सोय झाली याचें आपल्या घरचें उदाहरण द्यावयाचें तर पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेचें ‘जिस्ट कार्ड’. ही पाटी खांचेंत बसविली कीं जो संगणक केवळ रोमन लिपि जाणत होता तो देवनागरी लिहूं लागे. सरकारी कचेऱ्यांतून पुष्कळांनीं पडद्यावर पहिला ‘श्री’ पाहिला तो या पाटीच्या कृपेनें.

परंतु त्या खांचांत मुलांना जें बसवावेंसें वाटे तें निराळें होतें. मूळ यंत्राला गळा नव्हता. एक शिटी तेवढी होती. १९८९ सालीं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीची ‘साउंड ब्लास्टर’ ही पाटी निघाली आणि खेळांतून संगीत व आवाज ऐकूं येऊं लागले. जॉर्डन मेक्नर या तरुणानें आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत धांवावयास व उड्या मारावयास लावून त्याचें चित्रण केलें आणि त्यावरून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळांतील राजपुत्र रेखाटला. तो खेळ १९८९ चा. १९९० चा ‘डेंजरस डेव्ह’ आणि १९९३ चा ‘डूम’ हेहि आमच्या उपनगरांत घरोघर पोंचले. ते विकत घेतलेले कोणाकडेच नसत, हें कबूल केलें पाहिजे. एका फ्लॉपीची दुसरी, दुसरीची तिसरी, अशी ती परंपरा चाले आणि त्यांत चोरी आहे हें कोणाच्या ध्यानींमनींहि नसे. घरांतला रेडिओ लायसन्स भरून ऐकणारे सज्जन लोक आम्ही! असो.

या खेळांनीं मुलांना काय शिकविलें, तें पाहूं. त्या काळच्या डॉस पद्धतींत यंत्रांत कितीहि स्मृति भरली तरी साधारण कार्यक्रमाला पहिल्या ६४० किलोबाइटांतच संसार करावा लागे. त्यांतहि आवाजाची पाटी, उंदीर म्हणजे माउस, सीडी चालविणारे उपकार्यक्रम आधींच जागा अडवून बसत. उरलेल्या जागेंत मोठा खेळ मावत नसे. मग यंत्र सुरू होतांना वाचल्या जाणाऱ्या दोन लहानशा याद्या उघडून, कोणता उपकार्यक्रम वरच्या मजल्यावर न्यावा, कोणता अजिबात गाळावा, कोणाचा क्रम आधीं लावावा, याचा हिशेब करावा लागे. पंधरा किलोबाइट वांचविण्यासाठीं मुलें चार चार संध्याकाळ खर्चीत. आवाजाच्या पाटीचा आणि छपाईयंत्राचा ‘हांक मारण्याचा क्रमांक’ एकच झाला तर दोन्ही गप्प बसत. मग पाटीवरची इवलीशी टोपी, तिला जंपर म्हणतात, चिमट्यानें काढून दुसऱ्या जागीं बसवावयाची. त्याच गणिताचीं उत्तरपत्रिकेंतलीं उदाहरणें मी या मुलांकडून सोडवून घेऊं शकत नव्हतों.

फ्लॉप्यांच्या देवघेवीबरोबर रोगहि आला. १९८६ सालीं लाहोरच्या दोन भावांनीं लिहिलेला ‘ब्रेन’ हा या जातीच्या संगणकांतील पहिला विषाणु मानला जातो. या रोगराईंतून महाराष्ट्रांत एक उद्योग उभा राहिला, त्याची कथा माझ्या विषयास अगदीं धरून आहे. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर मॅट्रिकपर्यंत शिकले, म्हणजे माझ्याइतकेच. पुण्यांत ते रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि हिशेबाचीं यंत्रें म्हणजे कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या कामाला लागले; पुढें स्वतःचें दुरुस्तीचें दुकान काढलें आणि तेथून संगणकांच्या दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांपैकीं पुष्कळांना झालेला असे तो विषाणूचाच विकार. धाकटे बंधु संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनीं त्यावर उतारा लिहिला. १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ या नांवानें तो विकला जाऊं लागला आणि २०१६ सालीं त्यांच्या कंपनीचे भाग शेअरबाजारांत आले. रेडिओची दुरुस्ती, कॅल्क्युलेटरची दुरुस्ती, संगणकाची दुरुस्ती आणि मग संगणकाचा वैद्य, ही पायरी-पायरीची चढण आमच्या क्वार्टर्समधल्या त्या गृहस्थांना पूर्णपणें समजली असती.

आतां मी माझ्या स्वतःच्या वर्तनाकडे येतों. १९९६ सालीं मी ज्या शाळेंत होतों तेथें देणगींतून सहा संगणक आले. खोलीला नवा रंग दिला, खिडक्यांना पडदे लावले, चपला बाहेर काढण्याची पाटी टांगली, आणि किल्ली माझ्या स्वाधीन झाली. कारण इंग्रजी टंकलेखनाची परीक्षा मी उत्तीर्ण झालों होतों. दर वर्गाला आठवड्यांतून एक तास. एका यंत्रापुढें सात मुलें. त्या तासांत मी फळ्यावर भागांचीं नांवें लिहून देत असें आणि मुलें तीं वहींत उतरून घेत. झांकणाला हात लावण्यास बंदी, खेळास तर कडक बंदी. तास संपला कीं यंत्रांवर प्लास्टिकच्या खोळी चढवून मी कुलूप लावीत असें. १९९७ च्या पावसाळ्यानंतर नववींतल्या एका मुलाच्या खिशांत मला फ्लॉपी सांपडली. वडील तबेल्यांत कामाला होते. मुलगा हुषार, पण वहीवर कधीं नीट लिहीत नसे. फ्लॉपीवर ‘प्रिन्स’ असें लिहिलेलें होतें. ती मीं जप्त केली, आणि वर्ष संपेपर्यंत त्याला संगणकाच्या खोलींत पाऊल टाकूं दिलें नाहीं. तो रडला नाहीं. बाहेर व्हरांड्यांत उभा राहून तो खिडकीच्या पडद्याच्या फटींतून आंत पाहात असे, आणि मी उठून पडदा सारखा करीत असें.

माझ्या घरची गोष्ट याच्या उलट झाली. १९९९ सालीं माझा मुलगा नववींत गेला. पत्नी दुग्धविकास खात्यांत असल्यानें आम्ही तेव्हां आरेंतल्या क्वार्टरमध्येंच राहात होतों. दहावीचा अभ्यास, ज्ञानकोशाची सीडी, इंग्रजी सुधारणें, अशीं कारणें त्यानें मांडलीं आणि मीं तीं खरीं मानलीं. तयार यंत्र परवडण्यासारखें नव्हतें. जोडून घेतलेलें माझ्या पांच महिन्यांच्या पगारांत बसत होतें. एके शनिवारीं आम्ही बापलेक लॅमिंग्टन रोडला गेलों. ज्या दुकानांत एके काळीं कंडेन्सरच्या पुड्या मिळत तेथें आतां मदरबोर्ड टांगलेले होते. पण गल्ल्यावरच्या माणसाची भाव सांगण्याची तऱ्हा तीच होती. मुलानें मागितला ‘सेलेरॉन ३०० ए’. मला वाटलें, स्वस्त म्हणून मागत असेल. मागाहून कळलें कीं, ही चीज हौशी लोकांत विख्यात होती : मदरबोर्डाचा वेग ६६ वरून १०० वर नेला कीं तीनशें मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर साडेचारशेंनें धांवे आणि बहुधा तक्रार करीत नसे. चौदा इंची मॉनिटर लोकलच्या लगेजच्या डब्यांतून गोरेगांवास आणला. रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि बिबट्याच्या भीतीनें एकहि रिक्षावाला आंत यावयास तयार होईना. शेवटीं एकानें दुप्पट भाडें कबूल करून घेतलें व वाटभर हॉर्न वाजवीत आम्हांला आणून सोडलें.

आरेचा पावसाळा ज्यानें पाहिला आहे त्याला त्या यंत्राचे हाल सांगावयास नकोत. कपाटांतल्या कपड्यांना बुरशी येते, तेथें तांब्याच्या आणि सोन्याच्या मुलाम्याच्या टोकांची काय कथा? पेटींत मुंग्यांनीं घर केलें, एकदां पाल विजेच्या पुरवठ्याच्या डब्यांत शिरून मेली आणि डबाहि तिच्याबरोबर गेला. परंतु मुलगा दर आठ-पंधरा दिवसांनीं पेटी उघडी. रंगाच्या ब्रशानें धूळ झाडी, रॅमची पट्टी काढून तिच्या टोकांवर शाळेचें खोडरबर घांशी आणि पुन्हां खटकन् बसवी. मी ओरडत असें कीं, रोज उघडशील तर मोडेल. तें यंत्र नऊ वर्षें चाललें. शाळेंतलीं सहा यंत्रें, खोळींत घातलेलीं, कुलपांत ठेवलेलीं, चौथ्या वर्षीं एकामागून एक बंद पडलीं : घड्याळाच्या बॅटऱ्या पाझरल्या होत्या आणि पाट्यांवर हिरवी बुरशी चढली होती. साकीनाक्याचा भंगारवाला तीं वजनावर घेऊन गेला. पावतीवर सही माझी आहे.

पुढचा भाग आपणां सर्वांच्या डोळ्यांदेखत घडला, तेव्हां तो थोडक्यांत आवरतों. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें. गल्लोगल्लीं सायबर कॅफे निघाले. आठ-दहा यंत्रें एका तारेनें जोडून मुलें १९९७ चा ‘एज ऑफ एम्पायर्स’ आणि त्यामागून आलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळूं लागलीं. टेकडीपलीकडच्या आय.आय.टी.नें २००७ सालीं वसतिगृहांतील इंटरनेट रात्रीं बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हां वर्तमानपत्रांतून मोठी चर्चा झाली. सकाळच्या तासाला डोळे चोळीत येणाऱ्या, किंवा येतच नाहींत अशा, विद्यार्थ्यांविषयीं तेथील प्राध्यापकांना काय वाटत असेल हें मी चांगलें समजूं शकतों. खेळाचें व्यसन लागत नाहीं असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें बंदीचा कायदा केला, तो मला योग्यच वाटतो. तो जुगार होता, त्याचा या छंदाशीं कांहीं संबंध नव्हता. यंत्र उघडणारा आणि पैसे लावणारा हे दोन निराळे लोक आहेत. आपल्याकडचीं मुलें खेळ नुसते खेळत बसलीं असेंहि नाहीं : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें भारतीय पुराणकथांच्या आधारें रचलेला ‘राजी’ हा खेळ २०२० सालीं जगभर विकला गेला.

मात्र एक गोष्ट मोठमोठ्या लोकांच्याहि लक्षांत फार उशिरां आली. खेळांतलीं चित्रें भराभर हलावींत म्हणून हौशी लोक १९९६ पासून ‘वूडू’ सारख्या, आणि १९९९ पासून ‘जीफोर्स’ सारख्या, चित्रांच्या वेगळ्या पाट्या विकत घेऊं लागले. पडद्यावर लाखों ठिपके असतात. प्रत्येकाचा हिशेब साधा, परंतु सर्वांचा एकदम करावयाचा. म्हणून या पाट्यांवर एकाच वेळीं शेंकडों लहान हिशेब करणारीं गणितयंत्रें बसविलेलीं असतात. २०१२ सालीं टोरोंटो विद्यापीठांतील ॲलेक्स क्रिझेव्हस्की आणि त्याचे सहकारी यांनीं चित्रें ओळखण्याच्या स्पर्धेंत सर्वांना मागें टाकलें, तें अशाच दोन खेळाच्या पाट्यांवर, ‘जीटीएक्स ५८०’ वर, आपली पद्धति शिकवून. आज ज्या कृत्रिम बुद्धीचा सर्वत्र गाजावाजा आहे तिची चढती कळा तेथून मोजतात. वीस वर्षें जगभरच्या मुलांनीं खाऊचे पैसे साठवून या पाट्या घेतल्या नसत्या, तर त्या बनविण्याचा खटाटोप कोणत्या कारखान्यानें केला असता?

आतां माझा मुलगा परदेशीं असतो, आणि मी निवृत्तीनंतर आरे रस्त्याच्या तोंडाशीं गोरेगांवांत राहातों. २०२५ च्या ऑक्टोबरपासून आरेहून भुयारी गाडीनें थेट ग्रँट रोडला उतरतां येतें. मी हौसेनें जाऊन आलों. दुकानें आहेत, परंतु शेजारच्या मुलानें आपली कांचेच्या बाजूची, आंत रंगीत दिवे लावलेली पेटी जोडली तिचे सगळे भाग खोक्यांतून घरपोंच आले होते. जोडणी मात्र त्यानें स्वतःच केली. त्याची आजी आणि मी खुर्च्या टाकून पाहात बसलों होतों.

त्याच मुलाच्या मदतीनें मीं गेल्या वर्षीं एक काम केलें. शाळेंतून निवृत्त होतांना माझ्या खणांतले कागद मीं घरीं आणले होते. त्यांत ती १९९७ ची फ्लॉपी निघाली. हल्लींच्या यंत्रांत ती घालावयास जागा नसते. त्यानें बाहेरून जोडण्याचें उपकरण मिळविलें. बुरशीमुळें खेळाचा बराच भाग वाचतां आला नाहीं. दोन लहान याद्या मात्र धड निघाल्या. मीं मघाशीं सांगितल्या त्याच, यंत्र सुरू होतांना वाचल्या जाणाऱ्या. मुलानें त्या मला समजावून दिल्या. १९९३ च्या डॉसमध्यें सुरुवातीलाच निवड विचारण्याची एक सोय आली होती. तिचा उपयोग करून त्या विद्यार्थ्यानें तीन पर्याय मांडले होते. पहिला ‘प्रिन्स’, दुसरा ‘डूम’, तिसरा ‘शाळा’. तिसऱ्यांत आमच्या वर्गाचा टंकलेखनाचा कार्यक्रम सर्वांत मोकळ्या जागेंत चालावा अशी व्यवस्था होती. प्रत्येक पर्यायाखालीं, यंत्र दुर्लक्ष करील अशा ओळींत, किती किलोबाइट मोकळे राहिले याचे आंकडे आणि तारखा टिपलेल्या होत्या. आंकडे वाढत गेलेले होते. तारखा मीं जुन्या दिनदर्शिकेशीं ताडून पाहिल्या. साती तारखांना शनिवार होता. आमच्या नववीच्या वर्गाचा संगणकाचा तास शनिवारीं असे. मी फळ्यावर भागांचीं नांवें लिहीत होतों, त्या वेळांत तें झालेलें होतें.

ती फ्लॉपी मीं पाकिटांत घालून ठेविली आहे, आणि त्या दोन याद्या छापूनहि काढल्या आहेत. तो विद्यार्थी आतां चाळिशींत असेल. हें भाषण त्याच्या, किंवा त्याला ओळखणाऱ्या कोणाच्या, कानांवर पडलें तर त्यानें येऊन ती घेऊन जावी. माझा पत्ता केंद्रावर दिलेला आहे. सकाळीं सहा ते साडेसात मी आरेंत फिरावयास गेलेला असतों. त्यानंतर घरींच असतों.